घरविक्री, दलाल आणि आपण

(मंडळाच्या गास येथील मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



पत्रिकेवर आजचा विषय वाचून काहींना नवल वाटले असेल. अशा मेळाव्यात शिक्षण, आरोग्य, व्यसनमुक्ती हे विषय शोभतात, मग घराचा दलाल इथे कुठून आला? त्याचे कारण साधे आहे. मंडळाकडे कागद वाचून घ्यायला, अर्ज लिहून घ्यायला जी माणसे येतात, त्यांतल्या पुष्कळांच्या पिशवीत घराचेच कागद असतात. कोणाला मुलाच्या शिक्षणासाठी घर विकायचे असते, कोणाला आजारपणासाठी, कोणाला भावाभावांची वाटणी करायची असते. ज्या घराविषयी आपण बोलतो ते बहुधा एका माणसाच्या तीस-पस्तीस वर्षांच्या नोकरीचे, भविष्यनिर्वाह निधीचे आणि बायकोच्या मोडलेल्या दागिन्यांचे घर असते. घरातल्या पहिल्या माणसाच्या नावावर झालेली ती पहिली मालमत्ता असते. ते विकण्याचे काम आपण ज्याच्या हाती देतो, त्याच्याविषयी आपण फार थोडा विचार करतो, म्हणून हा विषय आम्ही मागून घेतला.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. दलाल हा शब्द शिवीसारखा वापरण्याची आपल्याकडे रीत आहे, ती आम्हाला मान्य नाही. शेजारचे सोपारा हे प्राचीन काळचे बंदर. जिथे बंदर, तिथे मालवाला आणि गिऱ्हाईक यांच्यामध्ये उभा राहणारा माणूस असणारच. नालासोपाऱ्याच्या पश्चिमेला, गास-सोपारा परिसरात असे कितीतरी इस्टेट एजंट आहेत, जे उन्हातान्हात गिऱ्हाईक फिरवतात, बँकेच्या आणि निबंधक कार्यालयाच्या खेपा घालतात आणि ठरलेल्या दलालीवर समाधान मानतात. त्यांची दलाली बुडवणे हेही वाईटच. आम्ही बोलणार आहोत ते ज्याचे काम समाधानकारक नाही, त्याच्याविषयी. असा दलाल ओळखायचा कसा, आणि ओळखल्यावर त्याच्याशी वागायचे कसे?

मध्यंतरी एका कुटुंबाचा प्रश्न आमच्याकडे आला. गृहस्थ महापालिकेच्या नोकरीतून निवृत्त झालेले. गासमध्ये छोट्या इमारतीत दोन खोल्यांचे घर, रीतसर नोंदणी केलेल्या खरेदीखताने घेतलेले. मुलगा दुसरीकडे नोकरीला, म्हणून घर विकून त्याच्याजवळ जायचे ठरले. घर एका एजंटाकडे दिले. लेखी काही नाही, तोंडी दोन टक्के ठरले. त्याने मूळ कागद ‘बँकवाल्याला दाखवायचे आहेत’ म्हणून नेले आणि एक चावीही नेली. त्यानंतर सात महिने गेले. फोन केला की एकच उत्तर, ‘पार्टी आहे, पण कमी सांगते.’ आणि शेवटी एक दिवस तो घरी येऊन म्हणाला, ‘काका, राग मानू नका, पण वस्तीचे नाव ऐकले की पार्टी मागे फिरते. शेजारीपाजारी कोण राहतात हे लोक विचारतात. या भावात देऊन टाका, पुढे हाही मिळणार नाही.’

बंधू-भगिनींनो, हे वाक्य आपल्यापैकी अनेकांनी ऐकले असेल. ते ऐकून आपला माणूस गप्प होतो, कारण त्यात थोडे खरे असते हे त्याला ठाऊक असते. जातीमुळे घर नाकारले जाते, हे कोणी आपल्याला सांगायला नको. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली व आसपासच्या शहरांत भाड्याच्या घरांविषयी पाहणी केली, तिचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. दलितांना आणि मुसलमानांना घर नाकारण्याचे प्रमाण इतरांपेक्षा कितीतरी जास्त असल्याचे त्यात आढळले. तेव्हा भेद आहे. पण भेद आहे हे वेगळे, आणि त्या भेदाचे नाव सांगून कोणी आपल्या घराचा भाव पाडणे हे वेगळे. दलाल जेव्हा वस्तीकडे बोट दाखवतो, तेव्हा त्याला एवढेच विचारावे: कोणती पार्टी, कोणत्या तारखेला आली, तिने किती भाव सांगितला? ज्याने खरोखर गिऱ्हाईक आणले आहे, त्याच्याजवळ याचे उत्तर असते.

त्या कुटुंबातल्या कॉलेजात शिकणाऱ्या नातीने शहाणपणा केला. मोबाइलवर गास भागातल्या घरांच्या जाहिराती ती पाहत बसली, तर एका जाहिरातीत त्यांच्याच घराची खिडकी, त्यांच्याच आजीने लावलेली तुळस! भाव मात्र आजोबांना सांगितलेल्या भावापेक्षा चार लाखांनी जास्त. (जाहिरातीत ‘स्टेशनपासून पाच मिनिटे’ असेही होते. ती पाच मिनिटे कोणत्या वाहनाने, ते एजंटालाच ठाऊक.) तिने मैत्रिणीच्या फोनवरून गिऱ्हाईक म्हणून चौकशी केली. ‘भाव पक्का आहे, वस्ती चांगली आहे, शाळा जवळ आहे’ असे तोच माणूस सांगू लागला. म्हणजे मालकाला सांगायला एक वस्ती आणि गिऱ्हाईकाला सांगायला दुसरी.

या प्रकाराला धंद्यात काही नाव असो, कायद्यात त्याला स्पष्ट उत्तर आहे. भारतीय करार कायदा १८७२ सालचा. त्यात अभिकर्ता, म्हणजे एजंट, याविषयी एक संपूर्ण प्रकरण आहे. कलम १८२ प्रमाणे जो दुसऱ्यासाठी काम करतो तो एजंट, आणि ज्याच्यासाठी काम करतो तो त्याचा मालक. हे पहिले वाक्यच आपण विसरतो. एजंट ऑफिसात खुर्चीवर बसलेला असतो, आपण समोर उभे असतो, त्यामुळे साहेब तो आणि अर्जदार आपण असे वाटू लागते. वस्तुस्थिती उलट आहे. कलम २११ प्रमाणे त्याने आपल्या सूचनेप्रमाणे वागायचे आहे, २१३ प्रमाणे मागितल्यावर हिशेब द्यायचा आहे, २१४ प्रमाणे अडचण आली तर आपल्याशी संपर्क साधून विचारायचे आहे. आपल्या नकळत त्याने त्या व्यवहारात स्वतःसाठी फायदा काढला, तर कलम २१६ प्रमाणे तो फायदा मागण्याचा अधिकार मालकाला आहे. ते चार लाख जर कोणी दिले असते, तर ते आजोबांचे होते.

दलालीविषयी दोन कलमे विद्यार्थ्यांनी वहीत लिहून ठेवावीत. २१९ सांगते की वेगळे ठरले नसेल, तर काम पुरे झाल्यावरच मेहनताना देय होतो. म्हणून ‘सात महिने फिरलो त्याचा खर्च द्या’ हा दावा, तसे आधी ठरले नसेल, तर टिकणे कठीण. २२० सांगते की ज्या कामात एजंटाने गैरवर्तन केले, त्या कामाचा मेहनताना त्याला मिळत नाही. या कलमांना दीडशे वर्षे झाली. आपल्या आजोबांच्याही आधीपासून ती आपल्या बाजूने उभी आहेत.

काही तरुण विचारतात, आता रेरा आहे ना? आहे. २०१६ चा हा कायदा आपल्या राज्यात १ मे २०१७ पासून महारेरामार्फत राबवला जातो आणि एजंटांची नोंदणी त्यात आहे. एजंटांना प्रशिक्षण घेऊन परीक्षा उत्तीर्ण होण्याची अटही महारेराने घातली. एजंटाचा नोंदणी क्रमांक विचारावा, असेल तर चांगलेच. परंतु हा कायदा मुख्यतः नोंदणी झालेल्या प्रकल्पांतील विक्रीसाठी आहे. जुन्या इमारतीतले घर, गावठाणातले घर, चाळीतली खोली यांच्या फेरविक्रीत त्याचा आधार सहसा मिळत नाही. तिथे तो १८७२ चा जुना कायदाच कामी येतो.

आता कागदांविषयी. घराचे मूळ कागद एजंटाच्या हाती देऊ नयेत. झेरॉक्स द्यावी, आणि तिच्यावर ‘फक्त विक्रीच्या चौकशीसाठी’ असे लिहून तारीख टाकावी. मूळ कागद गिऱ्हाईकाला किंवा त्याच्या वकिलाला आपल्या घरी, आपल्या समोर दाखवावेत. याला कारण केवळ हरवण्याची भीती नाही. करार कायद्याच्या कलम २२१ मध्ये एजंटाची बाजूही आहे: त्याची देय दलाली थकली असेल, तर आपल्या ताब्यातले मालकाचे कागद तो अडवून ठेवू शकतो. देय आहे की नाही हा वाद कोर्टात कितीही चालो, कागद तोवर त्याच्या कपाटात.

दुसरी गोष्ट कुलमुखत्यारपत्राची. ‘तुम्हाला खेपा नकोत, सही माझ्यावर सोपवा’ असे कोणी प्रेमाने म्हणाला, तर तिथेच थांबावे. विकण्याचा, पैसे स्वीकारण्याचा आणि खरेदीखतावर सही करण्याचा अधिकार ज्या क्षणी आपण परक्या माणसाला देतो, त्या क्षणी तो दलाल राहत नाही, आपल्या जागी मालक म्हणून उभा राहतो. आपल्या भागात पुष्कळ खोल्या नुसत्या नोटरी केलेल्या कागदावर आणि मुखत्यारपत्रावर हातोहात गेल्या आहेत. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑक्टोबर २०११ रोजी सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट सांगितले की मुखत्यारपत्रावरच्या अशा विक्रीने मालकी जात नाही, त्यासाठी नोंदणी केलेले खरेदीखतच लागते. तसेच घरपट्टी नावावर आहे म्हणजे घर नावावर आहे, असेही नाही. घरपट्टीची पावती कर भरल्याचा पुरावा आहे, मालकीचा नव्हे.

ज्यांच्या गावी महार वतनाची जमीन आहे, त्यांनी याकडे अधिक लक्ष द्यावे. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाव वतने संपली आणि अशा जमिनी नव्या शर्तीवर वतनदारांना परत मिळाल्या. शासनाच्या पूर्वपरवानगीशिवाय त्यांची विक्री करता येत नाही. २०२५ च्या नोव्हेंबरात पुण्यातील मुंढवा येथील सुमारे ४० एकर वतनी जमिनीचा व्यवहार वर्तमानपत्रांत गाजला. मूळ वतनदारांच्या मुखत्यारपत्रांच्या आधारे ३०० कोटी रुपयांचे खरेदीखत नोंदले गेले होते. गुन्हे दाखल झाले, चौकशी लागली, व्यवहार रद्द करण्याची घोषणा झाली. कोण दोषी हे न्यायालय ठरवील. आपण एवढेच पाहावे की वतनदारांच्या सहीचा कागद किती लांबवर गेला.

पैशाबाबत थोडक्यात. टोकन किंवा बयाणा मालकाच्याच नावाच्या चेकने, मालकाच्याच खात्यात. एजंटाने स्वतः टोकन घेतले आणि व्यवहार फिसकटला, तर गिऱ्हाईक पैसे मागायला आपल्या दारात येते. रोख तर नकोच: घर-जमिनीच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा अधिक रक्कम रोख घेण्यास आयकर कायद्याने २०१५ पासून मनाई आहे आणि दंड, तोही घेतलेल्या रकमेइतका, घेणाऱ्याला म्हणजे विकणाऱ्यालाच होतो.

अलीकडे गिऱ्हाईकही सावध झाले आहे. नालासोपारा पूर्वेला आरक्षित जागेवर उभ्या राहिलेल्या ४१ इमारती न्यायालयाच्या आदेशानंतर २०२४-२५ मध्ये पाडल्या गेल्या, हजारो माणसे रस्त्यावर आली. तेव्हापासून बांधकाम परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्र हे शब्द रिक्षावाल्यालाही पाठ झाले. आपल्या घराचे जे कागद नाहीत, ते नाहीत असे एजंटाने गिऱ्हाईकाला आधीच सांगितले पाहिजे, आणि सांगितले की नाही हे आपण विचारले पाहिजे. लपवून जमवलेला व्यवहार बँकेत अडतो आणि आपले तीन-चार महिने फुकट जातात.

आता त्या कुटुंबाकडे वळू. घरातले तरुण ऑफिसात जाऊन जाब विचारायला निघाले होते. आम्ही त्यांना थांबवले. भांडण झाले की विषय भांडणाचा होतो, घराचा राहत नाही. उलट दुसरी सवयही तितकीच वाईट: काही न बोलता दुसऱ्या एजंटाकडे घर द्यायचे. मग पहिला एजंट खरेदीखताच्या दिवशी ‘ही पार्टी माझी’ म्हणत उभा राहतो. आम्ही सांगितले, पत्र लिहा. आजोबांनी सांगितले आणि नातीने लिहिले. त्या पत्राचा मजकूर वाचून दाखवतो:

‘आपणास आमच्या घराच्या विक्रीसाठी तोंडी काम दिले होते. आजपावेतो आपण आणलेल्या गिऱ्हाइकांची माहिती दिलेली नाही. जाहिरातीतील भाव व आम्हास सांगितलेला भाव यांत तफावत आहे. सबब हे काम आम्ही या पत्राने काढून घेत आहोत. आजपासून आमच्या वतीने कोणाशीही बोलणी करण्याचा अथवा रक्कम स्वीकारण्याचा अधिकार आपणास नाही. मूळ कागद व चावी सात दिवसांत परत करावी व जाहिराती काढून टाकाव्यात. आपण प्रत्यक्ष घर दाखविलेल्या व्यक्तींची नावे व तारखा लेखी कळवाव्यात. त्यांपैकी कोणाशी पुढे व्यवहार झाल्यास दलालीचा विचार करू. इतर व्यवहाराशी आपला संबंध राहणार नाही.’

बस्स, एवढेच. यात शिवी नाही, धमकी नाही. शेवटची वाक्ये मुद्दाम घातली आहेत. त्याने खरोखर आणलेल्या गिऱ्हाइकाशी आपण परस्पर व्यवहार केला, तर त्याचा दलालीचा दावा रास्त ठरू शकतो. त्याचा तो हक्क आपण मान्य करतो, पण यादीपुरता. काम काढून घेण्याचा अधिकार मालकाला कलम २०३ प्रमाणे आहे. मात्र ठरावीक मुदतीचा करार असेल, तर कारणाशिवाय मध्येच मोडल्यास कलम २०५ प्रमाणे भरपाईचा प्रश्न येतो. म्हणून ‘घर मला एकट्यालाच द्या’ म्हणणाऱ्या एजंटाशी फार तर तीन महिन्यांचा लेखी करार करावा आणि त्यात भाव, दलाली व कोणत्या कारणाने करार संपेल हे लिहावे.

पत्र पाठवताना पूर्वी आपण रजिस्टर ए.डी. करत असू. २०२५ मध्ये टपाल खात्याने ती सेवा स्पीड पोस्टमध्ये विलीन केली आहे. आता स्पीड पोस्टने पाठवावे, पोहोच मागावी, पावती आणि पत्राची प्रत एकत्र टाचून ठेवावी. तेच पत्र मोबाइलवरही पाठवावे, म्हणजे ‘मिळालेच नाही’ असे म्हणता येत नाही. काम काढून घेतल्याचे एजंटाला कळल्यावरच ते त्याच्यापुरते लागू होते, असे कलम २०८ म्हणते.

एजंट दुसऱ्या दिवशी आला, रागावला, ‘माझ्यावर विश्वास नाही काय’ म्हणाला. आजोबा म्हणाले, ‘पत्राचे उत्तर पत्राने द्या.’ यादी त्याने कधीच दिली नाही, कारण देण्यासारखी यादी नव्हती. कागद मात्र दुसऱ्या पत्रानंतर आले. त्या पत्रात एकच वाक्य वाढवले होते: कागद न दिल्यास पोलीस ठाण्यात लेखी तक्रार आणि ग्राहक आयोगाकडे अर्ज करू. विश्वासाने सोपवलेली वस्तू अप्रामाणिकपणे अडकवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ खाली गुन्हा होऊ शकतो. मेहनताना ठरवून दिलेली सेवा सदोष असेल, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि मेहनताना ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर तिथे तक्रारीची फी नाही. आधी सल्ला हवा असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. आणि मूळ खरेदीखत गहाळच झाले, तरी हातपाय गाळू नयेत. दुय्यम निबंधक कार्यालयातून त्याची प्रमाणित प्रत मिळते. दस्त क्रमांक आणि वर्ष एवढे मात्र घरात लिहून ठेवलेले असावे.

ते घर पुढे दुसऱ्या एजंटामार्फत, त्याच वस्तीत, त्याच तुळशीसकट विकले गेले. जाहिरातीतला संपूर्ण भाव आला नाही, पण आजोबांना जो भाव ‘शेवटचा’ म्हणून सांगितला होता त्याहून बराच वर आला. दुसऱ्या एजंटाने एक टक्का मागितला, तो त्याला खरेदीखत नोंदल्याच्या दिवशी चेकने दिला आणि पावती घेतली.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्याकडे आमचे एक मागणे आहे. तुमच्या घरात, शेजारात कोणी घर विकायला काढले असेल, तर तीन कामे तुम्ही करू शकता. त्या घराची जाहिरात कुठे आहे आणि कोणत्या भावाने, ते शोधा. घर बघायला येणाऱ्या प्रत्येकाचे नाव, तारीख आणि कोणाबरोबर आला, हे एका वहीत लिहा. आणि वडीलधाऱ्यांना पत्र लिहून द्या. भांडायला चार जण तयार असतात, पत्र लिहायला घरात बहुधा एकच माणूस असतो, आणि तो तुम्ही असता.

या पत्राच्या नमुन्याच्या प्रती दाराजवळच्या टेबलावर ठेवल्या आहेत. नावे आणि तारखा भरायच्या जागा मोकळ्या सोडल्या आहेत. ज्यांनी आज घराचे कागद बरोबर आणले आहेत, त्यांनी जेवणानंतर मागच्या खोलीत यावे, आपण ते एकत्र बसून वाचू.